रेकॉर्डिंगच्या आधी

टोरांटो, १९ जानेवारी

ती. बाबा आणि ती. सौ. आई यांना शिरसाष्टांग नमस्कार.

परवा फोनवर नीट बोलणं झालं नाही. तुमची जेवणाची वेळ आणि माझी ऑफिसची घाई, नेहमीचंच. म्हणून सविस्तर लिहून ई-मेलने पाठवतेय. चिनूला सांगून छापून घ्या, कारण बाबा फोनवर चार ओळींच्या पुढे वाचत नाहीत हे मला माहीत आहे.

तर बाबा, तुम्ही भीमपलास रागात बांधलेली अभंगाची चाल इथल्या एका स्टुडिओत रेकॉर्ड करायचं पक्कं झालं. ७ फेब्रुवारी, सकाळी अकरा ते तीन. भाडं तासावर आहे. आपण दारातून आत शिरलो की मीटर सुरू, मग तुम्ही गा नाहीतर पाणी प्या. त्यामुळे ज्याला ज्याला विचारलं त्याने एकच सांगितलं, की ठरवायचं ते घरी ठरवून या. मंडळाच्या गणपतीत गाताना आपण निम्म्या गोष्टी ऐनवेळी ठरवतो. पुढच्या रांगेतल्या कुणाची मान हलली की एक आवर्तन वाढतं, नाही हलली की तान गुंडाळून मुखड्यावर यायचं. स्टुडिओत मान हलवायला कुणी नसतं. म्हणून सध्या रोज संध्याकाळी तीच चाल गाते, फोनवर रेकॉर्ड करते आणि दुसऱ्या दिवशी बसमध्ये ऐकते. कुठे श्वास चुकीच्या जागी घेतला, कुठे शब्दाचा शेवट खाल्ला, ते लगेच कळतं. गाताना मात्र अजिबात कळत नाही, हे विशेष.

इंजिनियर इथलाच आहे, जॅझवाल्यांचं बरंच काम करतो. मराठीचा गंध नाही. माझी पट्टी काळी चार, ती त्याला जी शार्प म्हणून सांगितली, तेवढ्यात ते भागलं. पण ‘दुसऱ्या अंतऱ्याच्या शेवटच्या ओळीपासून परत घेऊ’ असं मी म्हटलं तर त्याला सापडणार कसं? म्हणून अख्खा अभंग मोठ्या अक्षरात टाइप केला. प्रत्येक ओळीला आकडा, खाली तीच ओळ रोमन अक्षरांत, सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, जिथे येते त्या अक्षराखाली रेघ आणि श्वासाच्या जागी लाल टिकली. कागद एकाच बाजूला छापलाय, कारण पान उलटलं तर तो आवाजही माइक टिपतो. स्टँडवर दोन्ही पानं शेजारी शेजारी लावायची आणि हात लावायचा नाही.

आता खरी गोष्ट, जिच्यासाठी हे पत्र. इथे गाणं क्लिकवर होतं. म्हणजे हेडफोनमध्ये मेट्रोनोमची टिकटिक चालू आणि आपण तिला धरून गायचं. नंतर जुळवाजुळव करायला ते सोयीचं, कारण पहिल्या वेळचा मुखडा आणि तिसऱ्या वेळची ओळ एकाच मापात बसतात. पण तुमची चाल एका लयीत कुठे राहते? भजनी ठेका शेवटच्या अंतऱ्यापासून चढत जातो, आणि तो चढला नाही तर गजरात जीव राहत नाही. इंजिनियरला हे टेबलावर थाप मारून दाखवलं. तो म्हणाला, क्लिकसुद्धा हळूहळू चढवता येते, पण कुठून कुठे आणि किती, ते आधी सांगा. मला ते पटलं नाही. आकड्याने चढवलेली लय ऐकू येतेच. मग असं ठरलं, की क्लिक घ्यायचीच नाही. आधी तंबोरा आणि तबला. तबलजी ब्रॅम्प्टनहून येणार आहेत. ते कानात चाल ऐकत ठेका धरतील आणि त्या ठेक्यावर मी गाईन. आणि त्यांच्या कानात जी चाल वाजेल ती तुमच्या पेटीची हवी. तिला गाइड ट्रॅक म्हणतात. ती शेवटच्या गाण्यात राहणार नाही, तेव्हा नाक मुरडू नका. पण लय तुमचीच राहील.

दुसरा मुद्दा सुरांचा. १९९७ साली ऑटो-ट्यून नावाचं सॉफ्टवेअर आलं, आणि तेव्हापासून बेसूर लागलेला स्वर मागाहून जागेवर बसवता येतो. उपयोगाची चीज आहे, मी काही सोवळी नाही. पण भीमपलासातला कोमल गंधार मध्यमाला शिवून येतो, निषाद षड्जाला शिवून येतो. यंत्राला ते शिवणं चूक वाटतं. ते प्रत्येक स्वर पेटीच्या जवळच्या पट्टीवर नेऊन ठेवतं, आणि मींडेचा, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याचा, उतार जिन्यासारखा पायऱ्यापायऱ्यांचा होतो. मी इंजिनियरला आधीच सांगून ठेवलंय, की माझा स्वर लागला नाही तर मला परत गायला लावायचं, यंत्राला नाही. तो हसला. म्हणाला, मग तीन वेळा सलग पूर्ण गा, तुकडे नंतर बघू. मलाही तेच हवं होतं. ओळ-ओळ तोडून गायलं तर अभंग राहत नाही, नुसत्या ओळी राहतात.

माइकबद्दल बाबांना गंमत वाटेल. तुम्ही गायिका गोहरजानची गोष्ट सांगायचात ना, १९०२ साली कलकत्त्यात तिने रेकॉर्डिंगच्या भोंग्यासमोर गाऊन शेवटी इंग्रजीत स्वतःचं नाव सांगितलं, ती? त्या काळी तार सप्तकात गेलं की गवयाला भोंग्यापासून मागे सरावं लागे, नाहीतर सुई उडायची. सव्वाशे वर्षांनी मी तेच शिकतेय. माइकपासून वीतभर अंतर, आवाज चढला की जरा मागे, आलापीत जरा पुढे. मध्ये पॉप फिल्टर नावाची जाळीची चकती असते, कारण प, फ, भ म्हणताना तोंडातून हवेचा झोत सुटतो आणि माइकवर धप्प वाजतो. अभंगात ‘भ’ किती असतात हे मला आत्ता कळलं! त्या अक्षराला मान किंचित तिरकी करायची सवय लावतेय. आणि सुरुवातीला माइकची आवाजाची पातळी लावून घेताना सगळ्यात चढा भाग गायचा, लाजून हळू गायचं नाही. नाहीतर खऱ्या वेळी आवाज फाटतो.

आई, गळ्याची काळजी करू नकोस. ज्येष्ठमध मिळालं, पुरवून वापरतेय. इथे हिवाळ्यात घरात हीटर चालू असल्याने हवा भलती कोरडी असते, सकाळी घशात खरखर होते. म्हणून उशाशी वाफेचं यंत्र लावलंय. पाणी आदल्या दिवसापासून भरपूर प्यायचं. गाताना घेतलेला घोट अन्ननलिकेतून जातो, स्वरतंतूंना तो लागतच नाही. वाफ तेवढी थेट पोचते. आदल्या दिवशी फोनवर गप्पा नाहीत, आणि कुजबुजायचंही नाही, त्याने उलट ताण येतो. हिरवं सफरचंद बरोबर नेणार आहे, त्याने तोंडातली चिकट लाळ कमी होते आणि जिभेचे चटचट आवाज येत नाहीत. बांगड्या घरी ठेवणार, मंगळसूत्र पर्समध्ये. काही बोलू नकोस, माइकला दोन्ही ऐकू येतात. बर्फातले बूटही बाहेर काढून लोकरी मोज्यांवरच उभी राहणार.

बाबा, आता तुमचं काम. आधी पेटी तपासा. फोनवर ट्यूनर ॲप घ्या (चिनू देईल) आणि पांढरी सहा वाजवून बघा. ४४० हर्ट्झ आलं तर उत्तम. थोडं इकडेतिकडे असेल तर आकडा कळवा, मी तंबोरा तसा लावेन. पेटी दुरुस्त करायला काढू नका. रेकॉर्डिंग मागच्या खोलीत करा, पंखा बंद, फोन एरोप्लेन मोडवर आणि पेटीवर न ठेवता हातभर लांब स्टुलावर. आईला सांगा, तेवढा वेळ कुकर लावू नकोस. पूर्ण चाल एकदा वाजवा, बोल मनात म्हणत, शेवटी जशी चढवता तशीच चढवून. फाइल व्हॉट्सॲपवर ऑडिओ म्हणून टाकू नका, आवाज दाबला जातो. डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा. ३१ तारखेपर्यंत मिळाली तर मला आठवडाभर तिच्यावर रियाज करता येईल.

दुसऱ्या अंतऱ्यानंतरचा पेटीचा तुकडा तुम्ही हल्ली वेगळा वाजवता असं चिनू म्हणत होता. नवा वाजवायचा की जुना, ते तुमचं तुम्ही ठरवा, पण ठरवून एकच वाजवा.

तुमची,
मनू