सहस्रधारेच्या काठावरच्या काकूंना

काकू, नर्मदे हर!

तुमचं नाव मी विचारलंच नाही. परिक्रमेत सगळ्याच 'माताजी'. बोलण्यावरून साताऱ्याकडच्या वाटलात, तेवढ्याच खुणेवर हे पत्र चारचौघांत लिहितेय. कुणीतरी तुम्हाला वाचून दाखवेल.

पौषातली पहाट, महेश्वरजवळचा तो काळा खडक. हातात आईची जपमाळ होती आणि तोंडातून नाम फुटत नव्हतं. आई गेल्यापासून दोन वर्षं हेच चाललं होतं. आदल्या वर्षी बसने परिक्रमा केली. नेमावरला, मैय्याच्या नाभिस्थानी, मी पाण्यात पाय सोडून बसले, तर यात्रावाल्यांनी उशीर होतोय म्हणून शिट्टी वाजवली. घरी एका महाराजांनी ऐकवलं, तुमची श्रद्धाच कमी पडतेय, जप वाढवा. आई गेलेल्या बाईशी असं बोलतात का हो? ते अजून खुपतं.

तुम्ही काहीच विचारलं नाहीत. तुमचा जप अर्ध्यात होता. माळ कपाळाला लावून गोमुखीत ठेवलीत. मग तुमची घोंगडी उलगडून, जरा उठून, तिची अर्धी बाजू माझ्या खाली सरकवलीत. कोरडी बाजू मला. तुमच्याकडच्या काठाला दहिवराचं पाणी लागलेलं मला दिसत होतं. म्हणालात, "आज जप नको करू बाळ. नुसतं पाणी ऐक. ती करतीय तुझ्या वाटचा."

आणि मी ऐकलं. तिथे मैय्या एक राहत नाही, खडकांतून शेकडो धारा होऊन उड्या मारत जाते. रेवा हे नाव त्या उड्यांवरूनच पडलंय म्हणतात. जवळची धार खळखळत होती, लांबची नुसती घुमत होती. तांबडं फुटलं तसं पाण्यावरचं धुकं हलायला लागलं आणि मला रडू आलं. तुम्ही पाठीवर हातसुद्धा ठेवला नाहीत, नदीकडेच बघत राहिलात. किती बरं वाटलं म्हणून सांगू! माणसाला रडू देणारी माणसं अजून आहेत, आणि ती बहुतेक अशी वाटेवरच भेटतात. काठावरच्या सदाव्रतांत पाहिलं ना आपण, घरात दोन भाकरी असताना एक पुढे करणारी.

काकू, तुमच्या घोंगडीची लोकर माझ्या झोळीच्या बंदाला अजून चिकटलेली आहे. काढली नाही.

परवा पहाटे गॅलरीत तुळशीपाशी बसले होते. पाऊस पन्हळीतून पडत होता. माळ हातात घेतली. 27 मणी झाले.