धरणानं रुंद केलेली वाट

संपादक महाशय,
स. न. वि. वि.

उजनीच्या जलाशयावर इंदापूर तालुक्यातल्या शिरसोडीपासून करमाळा तालुक्यातल्या कुगावपर्यंत होणाऱ्या पुलाच्या बातम्या बहुधा २१ मे २०२४ च्या दुर्घटनेपासून सुरू होतात. त्या संध्याकाळी कुगावहून कळाशीकडे येणारी होडी वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जणांचा जीव गेला. पुण्यात त्यावर एकच प्रश्न ऐकू येत होता : ही माणसं होडीनं जातातच कशाला? प्रश्न विचारणाऱ्यांपैकी बरेच जण हिवाळ्यात कॅमेरे घेऊन कुंभारगावला रोहित पक्षी पाहायला त्याच पाण्यात होडीत बसतात, ते सोडून देऊ.

आमचं गाव इंदापूर तालुक्यात, भीमाकाठी. आजीचं माहेर पलीकडे, करमाळ्याच्या बाजूला. नदीतून जिल्ह्याची हद्द जाते, पण आमच्या घरात ती कुणी मानली नाही. सोयरिकी पलीकडच्या, बैलही पलीकडूनच आणलेले. आजी सांगायची, उन्हाळ्यात भीमेला उतार असायचा. लुगडं खोचायचं, लेकरू खांद्यावर घ्यायचं आणि चालत पलीकडे जायचं. वाळवंटात वाळकांचे, कलिंगडांचे वेल असत. माहेराहून येताना दोन वाळकं ओच्यात आलीच.

नाव लागायची ती पावसाळ्यात. नावाडी कोळ्याच्या घरातला. गावकरी त्याला खेपेचे पैसे देत नसत. सुगीत तो खळ्यावर येऊन आपलं धान्य घेऊन जाई. परक्या वाटसरूकडून मात्र रोख. आणि पूर चढला की नाव बांधून ठेवायची, मग काठावर पाटील उभा असो की आणखी कुणी. आजीचे वडील गेले तेव्हा नदी दुथडी भरलेली होती. तिनं काठावरून विनवण्या केल्या, नावाड्यानं नाव सोडली नाही. मातीला ती पोचली नाही. पण त्याच्याबद्दल वावगा शब्द तिच्या तोंडून कधी ऐकला नाही. "त्यानं सोडली असती तर तुझा बाप पोरका झाला असता," एवढंच म्हणायची.

तर ही काही आडगावची गैरसोय म्हणून चालू राहिलेली गोष्ट नव्हती, तो रस्ताच होता. सरकारी तरी, म्हणजे माणसं नदीपार नेणाऱ्या नावा, त्यांचे ठेके आणि दर यांसाठी मुंबई इलाख्यात १८६८ सालीच कायदा झाला. पुण्याहून निघालेली रेल्वे १८५८ मध्ये भीमेच्या अलीकडे दिकसळपर्यंत आली आणि पुढच्या वर्षी नदी ओलांडून बार्शी रोडला, म्हणजे आजच्या कुर्डुवाडीला पोचली. आगगाडीला पूल मिळाला. बाकीच्या गावांना उतार आणि नाव पुरेशी होती.

१९८० मध्ये उजनी धरण पूर्ण झालं. हाक मारली की पलीकडे ऐकू जाणारी नदी पार दूर पसरली. उतार बुडाला, वाळवंट बुडालं, नाव लागायची ती जागाही बुडाली. पळसदेवचं जुनं देऊळ दुष्काळी उन्हाळ्यात वर येतं, त्याचे फोटो आपण छापता. नावेच्या जागेला शिखर नसतं, ती कुणाला दिसत नाही. सोयरिकी मात्र बुडाल्या नाहीत. रस्त्यानं जायचं तर जलाशयाला लांबच लांब वळसा, म्हणून माणसं इंजिनाच्या होडीत बसतात. वाट तीच राहिली, पाणी वाढवलं ते धरणानं. शिवाय वारा सुटल्यावर "आज नाही" म्हणण्याचा नावाड्याचा जुना अधिकार आता कुणाकडे आहे, हेही कळायला मार्ग नाही.

पूल व्हायला हवाच. तोवर प्रत्येक होडीत माणशी लाइफ जॅकेट असावं आणि वाऱ्याच्या दिवशी होडी बंद ठेवण्याची जबाबदारी एका नेमक्या माणसावर असावी, ही प्रशासनाकडे मागणी.

आपल्याला विनंती वेगळी आहे. धरणाआधीची नदी कळत्या वयात पाहिलेली माणसं आता साठी-सत्तरीच्या पुढची आहेत. आपल्या प्रतिनिधीनं दोन्ही काठांवर त्यांच्याजवळ बसावं. कुठल्या गावाची नाव कुठे लागे, उतार कुठे होता, नाव कोणाच्या घरची, धान्य किती मिळे, हे गाववार लिहून घ्यावं आणि पुलाच्या बातम्यांसोबत छापावं. आमच्या गावापुरतं आजीकडून ऐकलेलं सगळं मी लिहून पाठवायला तयार आहे.

आपला,
एक वाचक, हडपसर, पुणे