चॅनेलवाले निवडणूक फिरवतात का?

प्रिय विनय,

सप्रेम नमस्कार.

‘चॅनेलवाल्यांनीच सरकार आणलं’ या म्हणण्यात कितपत तथ्य असतं, असं तू विचारलंस. थोडंफार असतं, पण लोक ते भलत्याच ठिकाणी शोधतात.

जिंकलेल्या पक्षाला पडद्यावर जास्त वेळ मिळाला, म्हणून तो जिंकला, असं सर्रास मांडलं जातं. पण ज्याचं पारडं जड दिसतं त्याच्याच मागे वार्ताहर धावतात. बातम्यांमुळे मतं वाढली की मतं वाढताना दिसली म्हणून बातम्या, हे नुसती मिनिटं मोजून कळत नाही. शिवाय प्रेक्षक आपल्या मताचं चॅनेल आधीच निवडून बसलेला असतो. त्यामुळे ‘अमुक चॅनेल बघणाऱ्या बहुतेकांनी तमुक पक्षाला मत दिलं’ यातून काहीच सिद्ध होत नाही.

त्यासाठी चॅनेल पोचणं-न पोचणं मतदाराच्या हातात नव्हतं, असा प्रसंग हवा. अमेरिकेत रिपब्लिकन पक्षाकडे झुकलेलं फॉक्स न्यूज हे चॅनेल १९९६ साली सुरू झालं. केबल कंपन्यांनी ते काही गावांत घेतलं, तशाच दुसऱ्या गावांत नाही. डेलाविन्या आणि कॅप्लन या अर्थतज्ज्ञांनी दोन्हीकडचं १९९६ आणि २००० चं मतदान ताडून पाहिलं. चॅनेल पोचलं होतं तिथे रिपब्लिकन पक्षाचा वाटा ०.४ ते ०.७ टक्क्यांनी जास्त वाढला होता. हजारात चार ते सात मतं, म्हणजे ऐकायला किरकोळच. पण समोरच्याचं फुटून आलेलं प्रत्येक मत दोघांतलं अंतर दोनाने हलवतं. दहा लाख मतदान झालेल्या मतदारसंघात अर्धा टक्का म्हणजे पाच हजार मतं. ती इकडची तिकडे गेली की अंतर दहा हजारांनी बदललं. २००० च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीत फ्लोरिडा राज्याचा निकाल ५३७ मतांवर लागला होता!

याउलट १९९७ चं ब्रिटन बघ. ‘द सन’ या वृत्तपत्राने मार्चमध्ये पलटी मारून लेबर पक्षाची बाजू घेतली. लॅड आणि लेन्झ या अभ्यासकांनी त्याच त्या मतदारांच्या आधीच्या आणि नंतरच्या मुलाखती तपासल्या. बाजू बदलणाऱ्या वृत्तपत्रांचे १० ते २५ टक्के वाचक वळले असावेत, असा त्यांचा अंदाज. आकडा दांडगा आहे. पण लेबर मतांत सुमारे साडेबारा टक्क्यांनी पुढे होता. ही कुमक नसती तरी सरकार त्यांचंच आलं असतं.

खरा दणका बसतो तो पर्याय तुटपुंजे असतात तिथे. डिसेंबर १९९९ च्या रशियन संसदीय निवडणुकीत सरकारच्या मुठीत नसलेली राष्ट्रीय वाहिनी एकच होती, एनटीव्ही. ती दिसत असल्याने सरकारी पक्षाची मतं ८.९ टक्क्यांनी घटली, असं नंतरच्या अभ्यासात निघालं. फॉक्सच्या कित्येक पट! दहा चॅनेल परस्परविरोधी बोंबलत असतील, तर बराचसा आवाज एकमेकांतच जिरतो.

आणखी एक गोष्ट मला वादावादीपेक्षा महत्त्वाची वाटते: विषय कोण ठरवतो. १९६८ मध्ये मॅककोम्ब्स आणि शॉ या अभ्यासकांनी अमेरिकेतल्या चॅपल हिल गावातल्या १०० कुंपणावरच्या मतदारांना महत्त्वाचे प्रश्न कोणते ते विचारलं. यादी बातम्यांतल्या क्रमाशी चांगलीच जुळली. महिनाभर महागाईच चालली तर सरकार महागाईवर जोखलं जातं, सुरक्षा चालली तर सुरक्षेवर. पक्षांबद्दलचं मत तेच राहतं, तरी मतदान बदलतं. पडद्यावरच्या मिनिटांच्या मोजणीत हे सापडत नाही.

तुला एखादा निकाल तपासायचा असेल तर तीन आकडे घे: शेवटपर्यंत कुंपणावर असलेले मतदार, त्यांच्यातली चॅनेलची पोच, आणि पोचलेल्यांपैकी वळलेले. समजा १५ टक्के कुंपणावर, पोच ४० टक्के, वळले १० टक्के. गुणाकार ०.६ टक्के. ही सगळी मतं एरवी समोरच्याला गेली असती असं धरलं, तरी अंतरात फरक १.२ टक्क्यांचा. विजय सहा टक्क्यांनी झाला असेल तर खापर चॅनेलवर फोडू नकोस. आणि देशपातळीची सरासरी घेऊ नकोस, आकडे मतदारसंघनिहाय लाव. १.२ टक्क्यांच्या आत लागलेल्या जागा वेगळ्या काढ आणि त्या गेल्या असत्या तर बहुमत राहिलं असतं का, ते बघ.

तुझा,
अविनाश