संगणकाच्या कोटेशनवर प्रत्येक भागाचे पूर्ण मॉडेल लिहा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दहावी-बारावीचे निकाल लागले की, आणि पुढे दसरा-दिवाळीच्या तोंडावर, नाशिकमधल्या अनेक घरांत गेमिंग संगणकाचा विषय निघतो. सुटे भाग निवडून जोडून घेतलेला संगणक त्याच पैशांत तयार संगणकापेक्षा बहुधा सरस ठरतो, हे मुलांना ठाऊक असते आणि त्यांचे म्हणणे बरोबरही असते. परंतु दुकानातून पालकांच्या हाती जे कोटेशन पडते, त्यावरून हे भाग एकमेकांशी जुळतात की नाही हे जाणकारालाही सांगता येत नाही. त्याबद्दलच हे पत्र लिहीत आहे.

ओळखीच्या कुटुंबांना अशा खरेदीत मी मदत करत असतो. सिडकोतील एका कुटुंबाने अलीकडे दाखवलेल्या कोटेशनवर एवढेच लिहिले होते: 'आय फाइव्ह, १६ जीबी रॅम, ५१२ एसएसडी, ४ जीबी ग्राफिक कार्ड, ४५० वॅट एसएमपीएस, आरजीबी कॅबिनेट', आणि खाली एकूण रक्कम. (एसएमपीएस म्हणजे संगणकाच्या सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा.) यातला एकही शब्द खोटा नसेल, तरी विकत नेमके काय मिळणार हे त्यातून उमगत नाही. आय फाइव्ह हे इंटेलच्या प्रोसेसरांच्या एका मालिकेचे नाव आहे: २०१२ साली आलेला आय फाइव्ह ३४७० हा आय फाइव्हच आणि २०२२ मधला आय फाइव्ह १२४०० एफ हाही आय फाइव्हच. पहिला मदरबोर्डावरच्या एलजीए ११५५ सॉकेटमध्ये (प्रोसेसर बसवायच्या जागेत) बसतो आणि त्याला डीडीआर ३ पिढीची रॅम लागते. दुसऱ्याचे सॉकेट एलजीए १७००, आणि त्याच्या मदरबोर्डाच्या प्रकारानुसार रॅम डीडीआर ४ किंवा डीडीआर ५. विंडोज ११ साठी मायक्रोसॉफ्टने मान्य केलेल्या प्रोसेसरांच्या यादीत पहिला नाही, आणि विंडोज १० चे नियमित सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी बंद झाले. आपल्याकडची मुले आवडीने खेळतात तो व्हॅलोरंट विंडोज ११ वर टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट या संगणकातल्या सुरक्षा सोयी असल्याशिवाय चालत नाही. म्हणजे ज्या खेळासाठी संगणक घेतला, तोच त्यावर सुरू न होण्याची वेळ येऊ शकते.

'४ जीबी ग्राफिक कार्ड' या शब्दांचीही तीच गत आहे. जीबीचा आकडा कार्डावरील मेमरी सांगतो, कार्डाची ताकद सांगत नाही. २०१४ मधले जीटी ७३० सुद्धा ४ जीबीमध्ये मिळते आणि आजच्या मोठ्या खेळांसाठी ते कुचकामी आहे. आरटीएक्स ३०५० या एकाच नावाखाली ८ जीबी आणि ६ जीबी अशी दोन कार्डे आहेत. पहिल्याला साधारण १३० वॅट लागतात व त्यासाठी एसएमपीएसमधून वेगळी वायर जोडावी लागते. दुसरे ७० वॅटचे असल्याने सहसा मदरबोर्डाच्या स्लॉटमधून मिळणाऱ्या विजेवरच चालते, पण त्याचा वेगही कमी आहे. जुन्या, साध्या एसएमपीएसच्या संगणकात कार्ड टाकायचे असेल तर हे दुसरे कार्ड उपयोगी पडते, नवा संगणक जोडताना मात्र पहिल्याच्या किमतीत ते गळ्यात मारले जाऊ नये.

प्रोसेसर आणि मदरबोर्ड यांचे सॉकेट एकच असले म्हणजे काम झाले, असाही एक समज आहे; पण रॅम आणि बायोसही (मदरबोर्डावरचे मूळ सॉफ्टवेअर) जुळावे लागतात. एएमडी या दुसऱ्या प्रोसेसर कंपनीच्या एएम ४ सॉकेटवर डीडीआर ४ आणि २०२२ मध्ये आलेल्या एएम ५ वर फक्त डीडीआर ५ रॅम चालते. दोन्ही रॅमना २८८ पिना असल्या तरी मधली खाच वेगळ्या जागी असते, त्यामुळे रॅमचे भाव चढले म्हणून घरातली जुनी डीडीआर ४ नव्या बोर्डावर लावू, हा बेत सिद्धीस जात नाही. शिवाय सॉकेट तेच असूनही दुकानात बराच काळ पडून असलेल्या बी ६६० बोर्डाला इंटेलचा तेराव्या-चौदाव्या पिढीचा प्रोसेसर, किंवा एएमडीच्या बी ६५० बोर्डाला रायझन ९००० मालिकेतला प्रोसेसर, बायोस अद्ययावत केल्याशिवाय ओळखता येत नाही. ग्राहक बिचारा घरी बसून काळ्या पडद्याकडे पाहत राहतो आणि बोर्डच खराब आला असे समजतो. वास्तविक हे काम दुकानदाराने माल हाती देण्यापूर्वी करून द्यायचे असते.

सर्वांत जास्त दुर्लक्ष एसएमपीएसकडे होते, आणि माझ्या मते खरा धोका तिथेच आहे. वर सांगितलेल्या कोटेशनमधला एसएमपीएस मी हातात घेऊन पाहिला. बाजूच्या स्टिकरवर '४५०' हा आकडा ठळक छापलेला होता, मात्र खालच्या तक्त्यात १२ व्होल्टच्या रकान्यात १६ अँपिअर लिहिले होते. १२ गुणिले १६ म्हणजे १९२ वॅट. प्रोसेसर आणि ग्राफिक कार्ड यांना लागणारी वीज जवळजवळ सगळी याच १२ व्होल्टवर येते. त्या कुटुंबातल्या मुलाच्या मनात असलेला आय फाइव्ह १२४०० एफ पूर्ण ताणात ११७ वॅटपर्यंत जातो आणि आरटीएक्स ४०६० कार्डाला ११५ वॅट लागतात, म्हणजे या दोघांचेच २३२ झाले. पंखे, एसएसडी आणि कार्डाची क्षणभर उसळणारी मागणी वेगळीच. असा संगणक टायपिंग करताना उत्तम चालतो आणि खेळ रंगात आला की फटकन बंद पडतो. कार्डाची चिप बनवणाऱ्या एनव्हिडियाने या कार्डासाठी ५५० वॅटचा एसएमपीएस सुचवला आहे. चांगल्या कंपनीच्या ५५० वॅटच्या एसएमपीएसवर १२ व्होल्टचा आकडा ४५ अँपिअरच्या आसपास असतो. स्टिकरवरचा तो एक रकाना वाचायला अर्धा मिनिट लागतो आणि तो दाखवायला दुकानदाराने कां-कूं करू नये. एका एसएमपीएसच्या सुट्या होणाऱ्या वायरी दुसऱ्या कंपनीच्या एसएमपीएसला लावू नयेत, हेही येथे नमूद करतो. टोके सारखी दिसली तरी आतल्या जोडण्या वेगळ्या असतात आणि त्यात एसएसडी किंवा मदरबोर्ड जळू शकतो.

कॅबिनेटमध्ये किती मिलिमीटर लांबीचे कार्ड आणि प्रोसेसर थंड ठेवणारा किती उंचीचा कूलर मावतो, हे कंपनीच्या माहितीपत्रकात छापलेले असते. रंगीत दिव्यांपेक्षा समोरून हवा आत येते की नाही हे पाहावे, कारण आपल्याकडचा एप्रिल-मे आता पूर्वीसारखा राहिलेला नाही.

सातपूर-अंबडच्या कारखान्यांत ड्रॉइंग नंबर न पाहता एकही सुटा भाग कोणी मागवत नाही. घरातले पन्नास-साठ हजार रुपये जिथे खर्च होतात तिथेही तीच शिस्त का नसावी? ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार मालाचा दर्जा, प्रमाण, क्षमता व किंमत यांची माहिती मिळणे हा ग्राहकाचा हक्क आहे आणि बिल न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. या व्यवसायात हमी प्रत्येक भागाची स्वतंत्र असते आणि ती त्या भागाच्या अनुक्रमांकावर मिळते. त्यामुळे 'असेंबल्ड कॉम्प्युटर, एक नग' असे बिल हमीच्या वेळी फारसे कामी येत नाही.

दुकानदारांची बाजूही मला ठाऊक आहे. मुले काही भाग ऑनलाइन मागवतात, काही दुकानातून घेतात, आणि संगणक सुरू झाला नाही की बोल मात्र जोडणाऱ्याला लावला जातो. अशा वेळी जोडणीची मजुरी त्याने स्पष्टपणे मागावी, त्यात गैर काही नाही. पण संपूर्ण संगणक एकाच दुकानातून घेतला असेल, तर भाग जुळण्याची जबाबदारी त्या दुकानाचीच.

म्हणून शहरातील संगणक विक्रेत्यांना माझी विनंती आहे की, कोटेशनवर प्रत्येक भागाची कंपनी, पूर्ण मॉडेल आणि किंमत स्वतंत्र ओळीत लिहावी आणि बिलावर अनुक्रमांकही घालावेत. काही दुकाने आजही हे करतात, त्यांना त्यासाठी वेगळा खर्च येत नाही. पालकांनीही असे कोटेशन मिळाल्याशिवाय आगाऊ रक्कम देऊ नये आणि ते एक दिवस घरी आणून मुलांसोबत प्रत्येक मॉडेल कंपनीच्या संकेतस्थळावर तपासून पाहावे. मदरबोर्डावर कोणते प्रोसेसर चालतात आणि त्यासाठी बायोसची कोणती आवृत्ती लागते, याची यादी तिथे विनामूल्य उपलब्ध असते.

आपला विश्वासू,
एक वाचक, इंदिरानगर, नाशिक