सूचना : मोहिमेचा स्टोव्ह ठरवण्यासाठी रविवारी बैठक

सर्व सदस्यांना,

येत्या रविवारी सकाळी ९ वाजता क्लबच्या खोलीमागच्या मोकळ्या जागेत स्टोव्हची चाचणी आहे. मोहिमेला येणाऱ्या प्रत्येकाने यायचेच. स्वतःचा मल्टी-फ्युएल (वेगवेगळ्या इंधनांवर चालणारा) स्टोव्ह असेल तर पंप, इंधनाची बाटली आणि सगळे जेट (ज्यातून इंधन बाहेर येते ती बारीक छिद्राची तोंडे) घेऊन या.

एवढा खटाटोप कशासाठी, असे काहींनी विचारले. कार्ट्रिजमधले (गॅसच्या छोट्या डब्यांतले) ब्युटेन शून्य अंश सेल्सिअसच्या आसपास वायुरूप होणेच थांबवते, त्यामुळे कडाक्याच्या थंडीत नुसत्या कार्ट्रिजवर विसंबता येत नाही. शिवाय ती दुर्गम भागात मिळतीलच असे नाही. रॉकेल किंवा पेट्रोल बहुधा मिळते. रॉकेलला आधी जास्त वेळ तापवावे लागते आणि काजळीही धरते, पण ते पेट्रोलसारखे चटकन भडकत नाही. माझे मत रॉकेलच्या बाजूने आहे. निर्णय मात्र चाचणीनंतर.

पाहायचे ते असे :
- जेट बाहेर, हातमोजे घालून बदलता येतो का
- मंद आच टिकते का (काही दणकट स्टोव्ह इथेच हरतात)
- बर्फ वितळवण्याचे मोठे भांडे डगमगत नाही ना
- पंपाचे वॉशर आणि ओ-रिंग सुट्या मिळतात का

बाटली खुणेच्या वर भरू नका. बंद तंबूत स्टोव्ह पेटवायचा नाही, कार्बन मोनॉक्साइड जीव घेतो. विमानात इंधन नेता येत नाही. वापरलेला स्टोव्ह आणि बाटलीही अडवली जाऊ शकते, म्हणून विमान कंपनीचा नियम आधी विचारून घ्या.

येणाऱ्यांनी शुक्रवारपर्यंत ग्रुपवर नाव टाकावे.

– साहित्य विभाग