गव्हावर दळलेली ज्वारी

खानापूर

चि. रेणूस आप्पाचे अनेक आशीर्वाद.

तू आता डाळही बंद केलीस असं आई सांगत होती. आधी गहू गेला, मग रात्रीचा भात, आता डाळ. तरी संध्याकाळ झाली की पोट फुगून टच्च होतंय आणि बेंबीभोवती कळ येतेय ती येतेच. फोनवर तू 'होय आप्पा, होय आप्पा' म्हणून मोकळी होतेस, म्हणून लिहायला बसलो. ताटातलं आणखी काहीही आपल्या मनाने कमी करू नकोस. पोटाच्या डॉक्टरांना दाखव आणि गहू सोडण्याआधी जी तपासणी व्हायला हवी होती ती आता करून घे.

पण आधी माझ्या धंद्यातली गोष्ट. तू तिथं कोपऱ्यावरच्या गिरणीतून ज्वारी दळून आणतेस आणि त्याला ग्लुटेन फ्री, म्हणजे गव्हातलं ग्लुटेन नसलेलं, म्हणतेस. गिरणीवाल्याच्या मुलीला तरी हे कळायला पाहिजे बघ. ज्वारीवर गहू घातला तर बायका भांडायला उठतात, चपात्या तुटतात म्हणून. गव्हावर ज्वारी दळली तर कुणीच काही बोलत नाही, उलट भाकरी थापायला बरी पडते. म्हणून गिरणीवाले बहुतेक गहू आधी उरकतात. दगडाला टाकी लावून पाडलेल्या खाचांत, पीठ पडतं त्या कापडी बाहीच्या चुण्यांत मागच्याचं पीठ बसलेलं असतं, आणि पुढच्याच्या डब्यात पहिल्या दोन-तीन ओंजळी तेच पडतं. खरोखर सिलिअ‍ॅक (ग्लुटेनमुळे लहान आतड्याला इजा होते तो आजार) असेल त्याला तेवढं पुरतं. एकादशीला वरी दळायची तर आजीबाई आधी गिरणी झाडून घ्यायला लावायच्या, तसंच सोवळं इथं पाळावं लागतं. पाकिटावर 'ग्लुटेन फ्री' छापायचं तर आपल्याकडे किलोला 20 मिलिग्रॅमच्या आत ग्लुटेन असावं लागतं. गिरणीत ते कोण मोजणार!

हिंगाची डबीही उलटून वाच. बाजारातल्या बांधणीच्या हिंगात बरेचदा मैदा किंवा गव्हाचं पीठ असतं. तू डाळीला दोष देतेस, पण फोडणी कशाची होती? पीजीत तवा आणि लाटणं सगळ्यांचं एकच, तेही लक्षात घे.

आता दुसरी बाजू. तुला सिलिअ‍ॅक आहे असं अजून कुणी सांगितलेलंच नाही. जिममधल्या पोराने सांगितलं, तू गहू सोडलास, पहिले काही दिवस बरं वाटलं, एवढाच पुरावा. आपल्या गिरणीवर दळण घेऊन येणाऱ्या एका डॉक्टरीणबाईंशी मी निवांत बोललो. त्या म्हणाल्या, गव्हात ग्लुटेन हे प्रथिन असतं आणि फ्रुक्टान नावाची एक साखरही असते. ती साखर लहान आतड्यात पचत नाही, मोठ्या आतड्यातले जंतू तिच्यावर वायू तयार करतात. कांद्यात आणि लसणात तीच साखर, ग्लुटेनचा मात्र कणही नाही. म्हणजे गहू सोडून तू कांदा-लसणाची चटणी आणि राजमा वाढवलास तर वायू आहे तिथंच. दुधाचंही तसंच असू शकतं. दिवाळीत कुंदा खाऊन तू दुपारभर पोट धरून पडली होतीस. कुंद्यातला खवा म्हणजे आटवलेलं दूध, त्यात दुधातली साखर घट्ट होऊन बसलेली. हे सगळं सिलिअ‍ॅक नसतानाही होतं.

रक्ताची तपासणी टीटीजी-आयजीए नावाची असते, सोबत आयजीए नावाची प्रतिपिंडं रक्तात एकूण किती आहेत तेही बघतात. ती पॉझिटिव्ह आली तर दुर्बिणीतून लहान आतड्याचा तुकडा काढून बघतात. अडचण अशी की गहू सोडलेला असेल तर दोन्ही तपासण्या खोट्याच नॉर्मल येऊ शकतात. साधारण सहा आठवडे रोज एकापेक्षा जास्त वेळच्या जेवणात गहू खाऊन मग रक्त द्यायचं असतं. तेही डॉक्टरांना विचारून, कारण काहींना फार त्रास होतो. जनुकांचीही एक तपासणी आहे, तिला गहू खायची गरज नाही. ती निगेटिव्ह आली की सिलिअ‍ॅक जवळजवळ नाहीच म्हणायचं. महाग पडेल, पैशाचं मी बघतो.

डॉक्टरांना सगळं सांग. रक्त कमी आहे म्हणून गोळ्या चालू होत्या ते सांग, आत्याला थायरॉईड आहे तेही सांग, या आजारांचं आपसात नातं असतं. पाळीच्या दिवसांत जास्त दुखतं का ते आई विचारतेय, कारण मग बायकांच्या डॉक्टरांनाही दाखवावं लागेल. वजन किती उतरलं ते लपवू नकोस. शौचातून रक्त, ताप, रात्री झोपेतून उठवणारी कळ यातलं काहीही असेल तर तारखेची वाट न बघता लगेच जा. आपल्याकडे आतड्याचा क्षयही असाच पोटदुखीने सुरू होतो आणि तो ताटातलं कमी करून बरा होत नाही.

तोपर्यंत दोन वेळ पोटभर जेव. मऊ भात, मुगाचं वरण, नाचणीची आंबील घे. काय खाल्लं आणि किती वाजता दुखलं एवढं वहीत लिही, कारण डॉक्टर पहिलं तेच विचारतील. आई नाचणी निवडून पाठवतेय, पण पीठ नको म्हणालो मी तिला. अख्खी पाठवतोय, मिक्सरवर काढून घे.

डॉक्टरांची तारीख मिळाली की आदल्या दिवशी नव्हे, चार दिवस आधी कळव. बेळगावहून राणी चन्नम्मा गाडीचं तिकीट काढायला लागतं, आणि आई येणारच म्हणतेय.

तुझा
आप्पा