टॅक्स फ्री नको साहेब, आमचे पैसे वेळेवर मिळवून द्या

मा. सांस्कृतिक कार्य मंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,

साहेब नमस्कार, मी सिनेमात साउंडला आहे, बूम (लांब काठीवरचा माइक) धरण्यापासून सुरुवात केली, आता रेकॉर्डिंग करतो. आणि तुमचाच मतदार आहे, घरात आजोबांपासून संघाची शाखा. सेटवर मी हे लपवत नाही, पण जेवणाच्या ब्रेकला विषय निघालाच की कोणीतरी बोलतंच, "तुमचंच राज्य आहे की, तुला कामाला काय तोटा!"

काय तोटा?? एका देशभक्तीवरच्याच सिनेमाचे माझे पैसे अजून यायचेत. ९० दिवसांत देतो म्हणाले, वर्ष होत आलं. निर्माता स्टेजवर भारतमाता की जय करतो आणि माझा फोन उचलत नाही.

२०२२ मध्ये 'द काश्मीर फाइल्स' बऱ्याच भाजपशासित राज्यांत टॅक्स फ्री झाला, इथेही आपल्या आमदारांनी मागणी केली, तेव्हाचे अर्थमंत्री अजितदादा म्हणाले केंद्रानेच जीएसटी माफ करावा. आता हिशोब बघा, तिकीट २०० चं, त्यावर १८ टक्के म्हणजे ३६ रुपये, त्यातले अर्धे केंद्राचे, राज्याच्या हातात फक्त १८. म्हणजे प्रेक्षकाचे वाचले १८ रुपये आणि आमच्यावर कायमचा शिक्का, की यांचे सिनेमे सरकारच्या जिवावर चालतात. सिनेमा लोकांना आवडला तर ते पूर्ण तिकीट काढून येतातच ना.

पुण्याच्या एफटीआयआय या सरकारी फिल्म संस्थेचं पण तेच झालं (ते केंद्राचं, तुमचं खातं नाही, माहितीय). २०१५ ला 'महाभारत' मालिकेतले युधिष्ठिर गजेंद्र चौहान यांना अध्यक्ष केलं, पोरांचा संप १३९ दिवस चालला. मला तेव्हा खरं तर संपवाल्यांचा रागच आला होता, पण काम बघून माणूस नेमा हे त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं हो. नंतर अनुपम खेर आले, त्यांच्या अभिनयाबद्दल कोण बोलणार, पण तेही परदेशातल्या कामामुळे वर्षभरात राजीनामा देऊन गेले. आपल्या विचारांची मुरलेली माणसं इंडस्ट्रीत आहेत, कॅमेऱ्याला आहेत, एडिटला आहेत, फक्त ती टीव्हीवर भांडायला येत नाहीत म्हणून कोणाला दिसत नाहीत.

तर मागणी एवढीच, सरकार सिनेमाला देतं त्या अनुदानाचा शेवटचा हप्ता सोडण्याआधी निर्मात्याकडून युनिटचे सगळे पैसे दिल्याचा कागद घ्या, आणि त्यावर लाईटमन, स्पॉटदादांच्या पण सह्या बघा. मग तो सिनेमा डाव्याचा असो की उजव्याचा.

आपला,
एक साउंडवाला, गोरेगाव